उजव्या बाजूचे खांब

३० नोव्हेंबर, रविवार

आज अरुंधतीबाई मला दिसल्या नाहीत. तुंगच्या फाट्यावर त्या उभ्या होत्या, लाल हेल्मेट, शेजारी गाडी — आणि मी त्यांच्यासमोरून सरळ निघून गेलो. हॉर्न नाही, मान हलवणं नाही, काही नाही.

नियम माधवरावांचा. आमच्या रविवारच्या गाड्यांत पुढे ते असतात. फाटा आला की त्यांच्या मागचा गडी तिथे थांबतो, रस्त्याच्या डाव्या कडेला, आणि मागच्यांना वाट दाखवतो. त्याला आम्ही ‘खांब’ म्हणतो. सगळ्यात शेवटी मी — ‘शेपूट’. शेपटाने हॉर्न दिल्याशिवाय खांबाने जागा सोडायची नाही, मग डोक्यावर ऊन असो की अंगावर चिखल. नव्या माणसाला हा नियम समजावून सांगायचं काम माझं. आणि आज मीच!

चहाच्या टपरीवर त्या माझ्यामागून आल्या. “भाऊ, हॉर्न राहिला,” एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, मागच्या चाकातून आवाज येत होता, तिकडे लक्ष होतं. शाळेतल्या बाई त्या. असले बहाणे रोज ऐकत असतील.

चाकातून कसलाही आवाज येत नव्हता.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी देवापुढे दोन निरांजनं लावली. डावं विझलंसं वाटलं म्हणून पुन्हा काडी ओढली. मान वळवून पाहिलं तर ते पेटलेलंच होतं. काडी बोटाला लागेपर्यंत तसाच बसलो.

३ डिसेंबर, बुधवार

दुसरी पाळी होती. कंपनीत जाण्याआधी तळेगावात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. एका यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं, ठिपका दिसला की बटण दाबायचं. बराच वेळ ठिपका आलाच नाही. मला वाटलं, यंत्र बिघडलं.

यंत्र ठीक होतं. काचबिंदू आहे. डाव्या अंगाची कडेची नजर गेली आहे. हळूहळू जाते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली परत येत नाही, राहिलेली राखायची — त्यासाठी रोज थेंब घालायचे. गाडी चालवता का, विचारलं. मी म्हणालो, कधीमधी. दुचाकी बंद करा म्हणाले.

कामाला मी कंपनीच्या बसनेच जातो. दुचाकी म्हणजे माझा फक्त रविवार. तो कसा बंद करायचा?

४ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती. थेंबांची बाटली गाडीच्या हत्यारांच्या पिशवीत ठेवली आहे. अनिता त्या पिशवीला हात लावत नाही, तेलाचे डाग पडतात म्हणून. देवळात जाऊन उभा राहिलो. मागायचं काय ते सुचेना. जे बायकोपासून लपवलं, ते देवाकडे कुठल्या तोंडाने बोलायचं?

७ डिसेंबर, रविवार

माधवरावांना सांगायचं असं ठरवून निघालो होतो. सांगितलं नाही.

कामशेतला सगळे जमलो. पवनानगर, मग तिकोन्याच्या पायथ्याला जाऊन मागे, आणि दुधिवरे खिंडीतून लोणावळ्याकडे. धरणावर धुकं असं बसलं होतं की पाणी कुठे संपतं ते कळत नव्हतं. वळणावळणाने पुढच्या गाड्यांचे लाल दिवे दिसायचे, लपायचे. मला हे फार आवडतं. पुढच्याला रस्ता दिसतो, मागच्याला माणसं दिसतात. माधवराव बँकेतून निवृत्त झाले तरी ताठ बसतात, टेबलामागे बसल्यासारखे. अरुंधतीबाई वळणाआधी खांदा जरा सैल सोडतात. रुचिर घाबरला की कोपरं बाहेर काढतो. इतकी वर्षं मी या पाठी पाहतोय. त्यातली एक जरी कमी दिसली तरी गाडी हळू करून पुन्हा मोजतो. शेपटाला एवढंच काम — कुणी मागे राहिलं नाही ना, ते पाहायचं.

आणि आता शेपटालाच दिसत नाही.

धवलला फोटोंचं नवीन वेड लागलंय. कॉम्प्युटरवर काम करणारं पोरगं, तळेगावच्या सोसायटीत राहतं. वाटेत कुठेही थांबतो. मीही थांबलो तर म्हणतो, “तुम्ही व्हा पुढे भाऊ, मी आलोच.” शेपटामागे कोणी राहायचं नसतं, हे त्याला दोनदा सांगितलं. हसला नुसता.

१४ डिसेंबर, रविवार

आज जरा चिडलोच. पवनानगरच्या फाट्यावर अरुंधतीबाई खांब, त्या उजव्या बाजूला उभ्या. पुढच्या फाट्यावर रुचिर — तोही उजव्या बाजूला! रस्त्याच्या उलट्या कडेला उभं राहिलं तर मागचा गोंधळेल, एवढंही कळू नये? रुचिर म्हणे, सावली होती भाऊ. मार्गशीर्षातल्या थंडीत सावली शोधतोय! माधवरावांच्या कानावर घातलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, बघू.

पण खरं सांगायचं तर मन हलकं होतं. आज एकही खांब चुकला नाही. सगळे दिसले, लांबून दिसले, प्रत्येकाला हॉर्न दिला. थेंबांना गुण येतोय. डॉक्टर म्हणतात गेलेली नजर येत नाही, पण त्यांच्याही वर कुणी आहे.

घरी येताना भैरोबाला नारळ फोडला. अनिताने विचारलं, “कशाचा वो?” म्हटलं, असाच.

१८ डिसेंबर, गुरुवार

कंपनीत ट्रॉली डाव्या नडगीवर आदळली. माझ्या शेजारच्या मशीनवरचा प्रदीप म्हणाला, “पन्नाशी आली आन् आता तंद्री लागाया लागली व्हय? वहिनीला सांगू का?” सगळे हसले. मीही हसलो. थेंबांना वेळ लागत असेल.

२८ डिसेंबर, रविवार

अनिता झोपल्यावर लिहायला बसलो.

खिंड उतरून आमच्या औंढ्याच्या बाजूला येत होतो. पुढच्या गाड्या वळणाआड गेलेल्या. मागे धवल, त्याचे फोटो उरकून आलेला. एकदम त्याने मागून हॉर्न दाबला — लांबलचक, सोडेचना. मला राग आला. ब्रेक दाबला आणि आरशात पाहिलं. मान पुन्हा पुढे केली तर चाकापुढे वैरणीचा भारा. भाऱ्याखाली आमच्या गावची झुंबरबाई. डावीकडच्या बांधावरून ती कधी रस्त्यावर उतरली, मला माहीत नाही. मला फक्त रस्ता दिसत होता, मोकळा.

टायर घासत गाडी थांबली. म्हातारीच्या लुगड्याला चाक लागलं. भारा खाली पडला.

“आंधळा हाईस का रं? एवढा भारा घिऊन चाललीया, दिसंना व्हय तुला?” मग ओळखलं तिने. “बजरंगा, तू? आन् असा?”

ते ‘असा’ म्हणणं माझ्या कानातून जात नाही.

धवलने भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला, तिचा हात धरून तिला कडेला नेलं. मी गाडीवरच बसून होतो. आणि बोललो काय, तर त्यालाच — मागे राहून हॉर्न कशाला वाजवतोस, ही काय पद्धत झाली? “सॉरी भाऊ, चुकून दाबला गेला,” म्हणाला.

चुकून! पण त्या चुकीने म्हातारी वाचली. भैरोबानेच त्याच्या अंगठ्यात बुद्धी घातली. दुसरं काय म्हणणार?

२९ डिसेंबर, सोमवार

झुंबरबाईच्या घरी जाऊन आलो. पाया पडलो. तिला काही झालेलं नाही. चहा घे म्हणाली, मी न घेताच निघालो.

४ जानेवारी, रविवार

गेलो नाही. माधवरावांना फोनवर कणकण आहे म्हणून सांगितलं. ते नुसते बरं म्हणाले, काही विचारलं नाही.

सकाळभर देवळाच्या पायरीवर बसलो. खालून रस्ता जातो. त्यांच्या गाड्या येताना आवाजावरून ओळखल्या एकेक. अनिता पाणी घेऊन आली. म्हणाली, “शेपटाबिगर जनावर कसं चालतंय ते बगाया बसलाय जनू.” नेहमी चिडवते तशीच चिडवत होती. मी पाणी पिऊन तांब्या परत दिला.

देवाला कौल लावायचा विचार होता. मग वाटलं, कौल कशाला? उत्तर मला ठाऊक आहे. झुंबरबाईने रस्त्यातच दिलंय ते. धीर तेवढा माझा मला गोळा करायचाय.

१० जानेवारी, शनिवार

उद्या सांगायचं. चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर. उद्या शेवटचं जायचं, अगदी हळू.

११ जानेवारी, रविवार

मी सांगण्याआधीच ते निघालं.

आज एक नवा माणूस आला होता, चाकणचा पवन. चाळिशीचा असेल. नवी कोरी गाडी, बोलायला मोकळा. खिंडीत शालूबाईच्या टपरीवर थांबलो. भजी तळत होती. मी ग्लास हातात घेऊन शब्द जुळवत होतो, तेवढ्यात पवन माझ्याकडे वळला.

“भाऊ, नियम तुम्ही समजावता असं कळलं, म्हणून विचारतो. बाकी ठिकाणी गाड्या डाव्या कडेला थांबतात. तुमच्यात खांबाने उजवीकडेच उभं राहायचं, ते का?”

मी म्हणालो, असा नियम नाही.

“असं कसं? सकाळी माधवरावांनी दोनदा बजावलं मला.”

कढईतलं तेल तेवढं वाजत होतं. अरुंधतीबाई हातातला ग्लास फिरवत राहिल्या. रुचिर खाली बघत होता. धवल उठून गाडीकडे गेला, उगीच टायर दाबून पाहायला. पवनला वाटलं, आपलं काही चुकलं.

चुकलं नव्हतं. मला सगळं एकदम दिसलं. सावली नव्हतीच. उजवीकडे उभे होते ते माझ्यासाठी, जिकडून मला दिसतं तिकडे. आणि मी थेंबांना गुण आला म्हणून नारळ फोडत होतो!

“मला डाव्या अंगाचं दिसत नाही,” मी म्हणालो. “काचबिंदू आहे.”

“माहीत आहे,” माधवराव म्हणाले.

तुंगच्या फाट्यावरच बाईंना शंका आली होती. त्यांच्या वर्गात एक पोर अशीच अख्खी मान वळवून फळ्याकडे बघते म्हणे. तेव्हापासून त्यांनी मला पाहायला सुरुवात केली आणि मग माधवरावांना सांगितलं.

“सांगायचं ते तुम्हीच सांगाल, असं वाटत होतं,” माधवराव म्हणाले. “संक्रांतीपर्यंत थांबायचं, नाहीतर मी बोलायचं, असं ठरवलं होतं. पण माझं चुकलं, बजरंगराव. त्या भाऱ्याच्या दिवशीच तुमच्या घरी यायला हवं होतं. म्हातारीला काही झालं असतं तर आपण दोघेही देवापुढे उभे राहू शकलो नसतो.”

मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. बरेच दिवस खांद्यावर घेतलेलं ओझं कुणी मागून उचलून धरावं, तसं वाटलं. ग्लासातला चहा गार झाला होता, तो प्यालो. मग गाडी शालूबाईच्या मागच्या अंगणात नेऊन लावली आणि किल्ली तिच्याकडे दिली. “किती दिस ऱ्हाऊ दिऊ हितं?” म्हणाली. गिऱ्हाईक मिळेपर्यंत, म्हटलं. तिने मान हलवली आणि किल्ली पदराच्या गाठीला बांधली.

औंढ्यात अरुंधतीबाईंच्या मागे बसून आलो. पारावरचे सगळे बघत होते. अनिता दारात आली. “शेपूट तुटलं वाटतं,” म्हणाली आणि माझं तोंड बघून दारातून बाजूला झाली.

चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिने. रडली नाही, ओरडली नाही. पातेलं खाली उतरवलं, हात धुतले आणि म्हणाली, “बाटली आना हिकडं.” थेंब तिनेच घातला. “तुमच्या हातानं निम्मं गालावर जात आसंल.”

खरंच जात होतं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. झुंबरबाईकडे तिळगूळ घेऊन गेलो, या वेळी चहाही घेतला.

संध्याकाळी धवलचा फोन. रविवारी न्यायला येतो म्हणाला, मागे बसा. मी म्हटलं, मागे बसून मी काय करणार? म्हणाला, पाठी बघा.

१८ जानेवारी, रविवार

धवलच्या मागे बसून गेलो. सगळ्यात शेवटी आम्ही. उजव्या बाजूचा एकही खांब नव्हता, सगळे आपले डाव्या कडेला. हॉर्न धवल देत होता, मी हात वर करत होतो. पाठी सगळ्या जागेवर होत्या.

चहाला त्याला म्हटलं, इतके रविवार थांबून थांबून फोटो काढलेस, दाखव की आता एखादा. त्याने फोन खिशातून काढलाच नाही.

“फोटो कुठले, भाऊ,” म्हणाला. “तुमच्या मागे कुणी नको?”