शांताच्या सायकलला जीपचा डायनॅमो

लोणंद, १९७४

४ नोव्हेंबर
शांताला आज परत दम लागला. एका बाईचं बाळंतपण करायला निघाली होती. धनगरवाडीच्या चढावर सायकलवरून उतरली आणि औषधांची पेटी मांडीवर घेऊन बांधावरच बसली म्हणे. काम उरकून घरी आली तेव्हा ओठ निळसर. डॉक्टर म्हणाले, दमा आहे, नर्सबाईंनी चढाची सायकल बंद करावी. साताऱ्याच्या कचेरीत बदली मागा. मीही नवरा म्हणून म्हणालो, माग. ती भाकऱ्या थापत राहिली.

६ नोव्हेंबर
आज बोलली. "कचेरीत बसून मी काय करू? वाडीतल्या बाया दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देत्यात का?"
खरं आहे. मोपेड घ्यावी तर पेट्रोलच्या वासानंच तिची छाती भरते. एसटी वाडीच्या चढावर जात नाही.
दुकानात पंपाच्या मोटारी रिवाइंड केल्या, जळकी तार काढून नवी भरली, पण डोकं तिकडंच. फौजेत जीपचा डायनॅमो तपासायला बॅटरी लावून फिरवत होतो. मोटारीसारखा फिरतो. मग सायकलचं चाक का नाही?

१० नोव्हेंबर, रवि.
सांगली. मारुती, माझ्या पलटणीतला, आता भंगाराचा धंदा करतो. बेत ऐकून म्हणाला, "येडा झालास का रं? सायकल हाय का रणगाडा?" मग स्वतःच ढीग उपसायला बसला. दुपार होईतो चांगला डायनॅमो मिळाला. परतताना मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "गुळाची ढेप काय?" म्हटलं, व्हय, लोखंडी.

१७ नोव्हेंबर
डायनॅमोच्या टोकाला रूळ बसवला. तो मागच्या टायरवर दाबून बसतो, फिरला की चाक फिरवतो. बॅटरी कॅरिअरवर, ती दुकानातल्या चार्जरवर भरायची. पहिली चाचणी फुकट. रूळ नुसता घसरला, रबराचा वास सुटला.
शां. दारात उभी. "मला न इचारता माझी सायकल उघडलीत?"
मी बाजूला झालो. तिनं सायकलीभोवती एक चक्कर मारली. "हँडलला हात लावू नका. बाकी करा काय करायचं ते."

२४ नोव्हेंबर
रुळाला खाचा पाडल्या, स्प्रिंग कडक केली. चालली! बाजारतळावर मी बसून एक फेरी, पाय न हलवता. लोक जमले. मग चढाला नेली. निम्म्यात गुरगुरली, धूर. आतली तार जळाली.
घरी डोकं धरून बसलो. शां. चहा घेऊन आली. "आवं, मी पायडल मारणार न्हाई असं कवा म्हटलं? मागनं कुणीतरी थोडा हात लावावा, एवढंच पाहिजे."
मी उगाच सगळं ओझं त्या डायनॅमोवर टाकत होतो.

३ डिसेंबर
तार नवी भरली. हँडलजवळ बटण दिलं: चढाला चालू, सपाटीला बंद. शां. स्वतः बसली. मी मागं पळत. वर पोचली आणि माझीच धाप ऐकून हसायला लागली. चढ चढून हसली. कितीतरी दिवसांनी.
बॅटरीचं पाणी उडून तिच्या पांढऱ्या साडीला भोक पडलं. बॅटरीला लाकडी पेटी करायला हवी.

१२ डिसेंबर
पहिल्यांदा कामावर नेली. जाताना झकास. येताना बॅटरी संपली. एवढं धूड ढकलत आली, दारात येऊन बसली ती बोलेचना. वाफारा दिला. मी म्हणालो, पुरे झालं, काढून टाकतो हे सगळं.
श्वास परत आल्यावर म्हणाली, "वाडीतल्या सपाटीला बटण चालूच राहिलं. चूक माझी. सायकलीचं काय काढू नका."
मी पाना खाली ठेवला.

१९ डिसेंबर
तपासणीला साताऱ्याला. सायकल एसटीच्या टपावर. डॉक्टरांनी छाती तपासली, कचेरीतल्या साहेबांनी सायकल. साहेब म्हणाले, "महिनाभर बघू. पण परत दम लागला तर बाई, बदली नक्की." शां. म्हणाली, "बघा की." बाहेर आल्यावर तिचा हात मी धरला. भर रस्त्यात, तरी तिनं सोडवला नाही.

२२ डिसेंबर
सकाळीच धनगरवाडीहून माणूस. त्याच्या सुनेला कळा सुरू. चढापर्यंत मीही गेलो, चालत. सांगितलं होतं, माथ्यावर थांब, रूळ बघतो. माथा आला. थांबली नाही. मी खालनं हाक मारली, तर मागं न बघता नुसता हात वर केला आणि पलीकडं उतरली.
आता तीन वाजले. अजून आलेली नाही. सून पहिलटकरीण आहे, वेळ लागायचाच. चार्जर लावायची जागा मोकळी करून ठेवलीय.