पिवळ्या वायरचं दुसरं टोक

मंगळवार, ४ मार्च

बावीस वर्षं हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. आता एक्स्चेंजच बंद झालं, म्हणून मला नेटवर्क विभागात ढकललंय. तीन महिन्यांत परीक्षा पास व्हायची, नाहीतर स्वेच्छानिवृत्ती. स्वेच्छा म्हणे. कोणाची?

साहेब माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मला ‘बाई’ म्हणतात. हातात राउटिंग-स्विचिंगचं साडेचारशे पानी पुस्तक ठेवलं आणि म्हणाले, "वाचा. अवघड काही नाही." ज्याला येतं त्याला कुठे काय अवघड असतं.

बुधवार, ५ मार्च

लेकीने चहा घेता घेता उजळणी घेतली.

"आई, स्विच काय करतो?"

म्हटलं, एकाच नेटवर्कमधल्या कॉम्प्युटरांची गाठ घालून देतो. कोण कुठल्या भोकातून बोलतंय हे ऐकून ऐकून लक्षात ठेवतो आणि निरोप बरोबर तिथेच देतो. पत्ता माहीत नसला की सगळ्यांना हाक मारतो.

"आणि राउटर?"

तो एका नेटवर्कातून दुसऱ्यात नेतो. कुठल्या वाटेने जायचं ते ठरवतो.

"म्हणजे बावीस वर्षं तू स्विचच होतीस की गं."

पुष्कळ दिवसांनी पोट धरून हसले.

शुक्रवार, ७ मार्च

आज सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

सकाळी साहेबांनी मला एकटीला चौथ्या मजल्यावर पाठवलं — स्विचच्या पेटीतली धूळ पुसा, वायरी नीट बांधा. कंत्राटी वायरमन तिथेच छतातून नवी वायर ओढत होता. "ताई, पत्रा धारदार आहे, सांभाळून," एवढंच बोलला. काम आटपून खाली आले.

अर्ध्या तासात फोन सुरू झाले. लॅबचे रिपोर्ट वॉर्डात दिसेनात. मग एक्स-रे अडकले, मग नोंदणी. अडीच तास सगळं ठप्प. लॅबची माणसं कागद घेऊन जिन्याने पळत होती. पाचव्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्याची साखर पार खाली गेली होती आणि ते सांगणारा कागद जिन्यातच होता. वाचला तो. पण त्याची मुलगी भिंतीकडे तोंड करून रडत होती, ते पाहवेना.

शेवटी साहेबांनी एकेका मजल्याची जोडणी तोडून पाहिली. चौथ्याचा स्विच तोडला आणि बाकीचं सुरळीत झालं. "लूप झाला होता. त्या वायरमनचा उद्योग," म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

शनिवार, ८ मार्च

वायरमनला काढलं. गेटवर त्याचा पास काढून घेतला.

रविवार, ९ मार्च

प्रकरण नववं. लूप.

एकाच वायरची दोन्ही टोकं एका स्विचमध्ये बसली, की सगळ्यांना मारलेली हाक एका टोकातून निघून दुसऱ्या टोकाने परत आत येते. स्विचला वाटतं नवीच आली, तो पुन्हा सगळ्यांना देतो. एकीच्या हजार, हजाराच्या लाख. मग खरा निरोप जायला जागाच उरत नाही.

वाचलं आणि शुक्रवारची ती पेटी डोळ्यांपुढे आली. त्या पेटीत एक पिवळी वायर लोंबत होती. मला वाटलं निसटलीये. शेजारचं भोक रिकामं दिसलं, मी बसवून दिली. दुसरं टोक कुठे जातं ते पाहिलंच नाही. वायरींच्या गुंत्यातून ते त्याच स्विचमध्ये गेलं असणार. नीटनेटकं दिसावं म्हणून मी केलं हे.

लेकीने विचारलं, काय झालं? डोकं दुखतंय म्हटलं.

सोमवार, १० मार्च

चोर सोडून संन्याशाला फाशी. साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेले. दोनदा परत आले.

मंगळवार, ११ मार्च

सांगितलं. उभ्यानेच सांगितलं.

साहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "बाई, अहवाल वर गेलाय."

"मग दुसरा पाठवा. चूक माझी आहे."

"दुसरा पाठवला, तर शिकाऊ बाईला एकटीला कोणी पाठवलं हे लिहावं लागेल. लूप झाला तर आपोआप वाट बंद करायची सोय असते, ती त्या स्विचवर चालू का नव्हती, हेही लिहावं लागेल. कोणी चालू करायची होती ती?" स्वतःच म्हणाले, "मी."

तेवढं बोलून कॉम्प्युटरकडे वळले. मला राग यायला हवा होता. आला नाही. त्यांचाही चेहरा पडला होता.

गुरुवार, १३ मार्च

वरच्या कार्यालयात लेखी कबुली घेऊन गेले. कारकुनाने पाकीट न उघडताच परत दिलं. "विभागप्रमुखांमार्फत पाठवा." म्हणजे साहेबांमार्फत.

आपला गुन्हा आपण कबूल करतोय आणि घ्यायला कोणी तयार नाही.

शुक्रवार, १४ मार्च

कंत्राटदाराला फोन केला. "एक गेला, दुसरा आला, तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" वायरमनचा पत्ता तेवढा मिळाला.

शनिवार, १५ मार्च

लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्याला सांगून काय होणार? नोकरी थोडीच परत मिळणार आहे?"

नाहीच मिळणार. तरी जायचं.

रविवार, १६ मार्च

जाऊन आले. दुसरा मजला, एकच खोली. बायकोने पाणी दिलं. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला —

"ताई, माफ करा. तुम्ही ती वायर बसवताना मी वरून बघत होतो. चुकतंय हे कळलं होतं मला. पण तुम्ही ऑफिसच्या, मी कंत्राटी. तुम्हाला कसं टोकणार?"