दोर धरायची मूठ

प्रिय नेत्रा,

'प्रिय' लिहिलं ते हाताच्या सवयीने. आज तुझ्यासाठी जे शब्द तोंडात येतायत ते शाळेतल्या बाईने कागदावर लिहिण्यासारखे नाहीत. "बाई, दसऱ्यानंतर मी शूटिंग सोडतेय. घरी सांगू नका." एवढं मोबाइलवर पाठवायचं, खाली जोडलेल्या हातांचं चित्र चिकटवायचं, आणि पुण्यात गप्प बसून राहायचं! त्या चित्राचं मी काय करू, देव्हाऱ्यात ठेवू? फोन केला तर तू उचलत नाहीस. उचललास तर "हो बाई, हो बाई" करून मला वाटेला लावतेस, आणि तेवढ्यात मालगुंडची रेंज जाते. म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच "हो बाई" म्हणता येत नाही. आता गुमान बस आणि शेवटपर्यंत वाच.

तू पाठवलेले टार्गेटचे फोटो मी चष्मा पुसून पुसून बघितले. सगळे छर्रे काळ्या गोलाच्या खाली, उजवीकडे, एका कोपऱ्यात दाटी करून बसलेत. आणि प्रत्येक फोटोखाली तुझं एकेक कारण. साइट हलली असेल. लाकडी ग्रिप सैल झाली असेल. पुण्याची हवा कोरडी आहे. शेजारच्या लेनमधली मुलगी फार वेळ घेते. अगं, नाचता येईना अंगण वाकडं! पिस्तूल बिघडलं असतं तर छर्रे चारी दिशांना गेले असते. ते एका जागी बसतायत याचा अर्थ पिस्तूल शहाण्यासारखं वागतंय, आणि तू एकच चूक न चुकता करतेयस. हे मी तुला तू नववीत असताना शिकवलं होतं. आणि तुमचे ते हर्षद सर म्हणतात, नवीन ग्रिप मागवून बघू! उद्या म्हणतील, नवीन हात मागवून बघू.

तर पुन्हा एकदा लिहिते. शाळेत कवायत कितीदा शिकवायची याचं मला कधी काही वाटलं नाही, तेव्हा याचंही वाटणार नाही, पण वैताग येतो तो येतोच. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली बेचकी ग्रिपच्या अगदी वर, घट्ट टेकली पाहिजे. नळी आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा हात एका रेषेत. दाब द्यायचा तो मधल्या दोन बोटांनी, सरळ मागे, तळव्याच्या दिशेने. करंगळी नुसती सोबतीला. अंगठा निवांत, त्याला काही काम नाही. आणि हा दाब पिस्तूल उचलल्यापासून खाली ठेवेपर्यंत तेवढाच राहिला पाहिजे, वाढायचा नाही, कमी व्हायचा नाही. पहिलं बोट या सगळ्यांतून वेगळं. त्याने ग्रिपला अंग लावायचं नाही. ट्रिगरवर पहिल्या पेराचा मऊ भाग यायला हवा, सांध्याची रेघ नव्हे. बोट सांध्यापर्यंत आत गेलं की ट्रिगर सरळ मागे येत नाही, कडेला ओढला जातो. वर त्याच क्षणी बाकीची बोटंही आवळली की नळीचं तोंड खाली जातं. खाली आणि उजवीकडे. बघ तुझे फोटो!

आणि नजर नळीच्या टोकावरच्या, पुढच्या साइटवर. काळा गोल धूसर दिसला तर दिसू दे, तो कुठे पळून जात नाही. छर्रा सुटल्यावरही क्षणभर तशीच उभी राहा, लगेच "कुठे लागला" म्हणून मान वर काढू नकोस.

हे सगळं तुला येत होतं, याचाच मला जास्त राग येतो. आठवतंय का, आमच्या आंब्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये पेंढ्याच्या वासात आपण सराव करायचो ते? एप्रिल-मे आला की आमचे हे पेट्या आणून लेनमध्ये रचायचे, आणि मी ओरडले की म्हणायचे, "कुसुम, आंबा थांबत नाही, तुझं टार्गेट थांबतं." मग आपण पेट्यांच्या मधून उरलेल्या बोळात उभ्या राहायचो. रिकाम्या पिस्तुलाच्या नळीवर चिंचोका ठेवून ट्रिगर दाबायचा, आणि चिंचोका पडला नाही पाहिजे, हा आपला खेळ. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा चिंचोका थेट माझ्या चहात पडला होता. पुढे तू असा दाबायला लागलीस की चिंचोक्याला पत्ता लागत नसे. परवा शेड झाडताना कोपऱ्यातून मूठभर चिंचोके निघाले. फेकायला गेले आणि फेकले नाहीत. पाकिटात त्यातला एक घातलाय. पोस्टाने जाताना फुटला नाही तर वापर.

इकडचं म्हणशील तर श्रावण लागलाय, आणि माकडांनी शेडच्या छपरावरचे दोन पत्रे सरकवलेत. ह्यांना सांगून थकले. "बघतो" म्हणतात, आणि खुर्चीत बसून खरंच नुसते बघतात. तुझी आई परवा जयगडहून आली होती. तिच्या पाटीत ताजं काही नव्हतं, पावसात कुठून असणार, सोडे आणि सुके बोंबील होते. पायरीवर बसली, पाणी प्यायली, आणि पुण्याचा विषय मी काढेपर्यंत तिने काढला नाही. एरवी गुणवंती म्हणजे पाटी उतरायच्या आधी तुझं कौतुक सुरू. मी विचारलं, नेत्राचा फोन येतो का, तर म्हणाली, "माज्याशी बोलता. बापाशी बोलत नाय." मग पदराआडून आणखी एक गोष्ट बोलली, ती पुढे लिहिते, आणि तोंड पुसून उठली, बोंबलाचे पैसे घ्यायचीही विसरली. तुझा शब्द पाळून मी तिला काही सांगितलं नाही. असले शब्द माझ्याकडून पुन्हा घेऊ नकोस, मला ते पचत नाहीत.

ती गेल्यावर मी तुझ्याकडे बाजूने काढलेला व्हिडिओ मागितला. तू का म्हणून विचारलं नाहीस, पाठवलास. तो मी तीनदा बघितला आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुझी बोटांची पेरं पांढरी पडलीयत. चार बोटं आणि पहिलं बोट, सगळी एकदम आवळतायत. छर्रा सुटल्यावर तू हात खाली आणतेस, पण मूठ उघडत नाही. डाव्या हाताने तू एकेक बोट सोडवतेस. ही पिस्तुलाची पकड नव्हे, नेत्रा. ही मूठ मी ओळखते. दर वर्षी पावसाच्या तोंडावर तुमच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढतात तेव्हा मी ती बघते. दोर घसरला तर तळव्याची साल घेऊन जातो, म्हणून तुम्ही सगळी माणसं पाचही बोटांनी एकदम, सांध्यापर्यंत आत घेऊन, जीव खाऊन धरता. तुझ्या घरात पिढ्यान् पिढ्या असंच धरतात. तू शाळेत पहिल्यांदा पिस्तूल हातात घेतलंस ते असंच, आणि ती मूठ सुटायला सबंध वर्ष गेलं होतं. मग ती आता परत कुठून आली? हर्षद सरांना हे कळायचं नाही, त्यांनी होडी फक्त चित्रात बघितली असेल. मला कळलं. पोरी, तू मे महिन्यापासून पिस्तूल धरतच नाहीयेस. तू अजून तो दोर धरून उभी आहेस.

मे महिन्याबद्दल तू मला चकार शब्द सांगितला नव्हतास. मला जे कळलं ते गावाकडून. तुमची होडी वर घेत होते. माणसं पुढून ओढत होती, किनाऱ्यावरच्या खुंटाला दोराचा वेढा होता, आणि दर ओढीला मोकळा झालेला दोर खेचून घट्ट धरायचं काम तुझं होतं. लहानपणापासून तुझंच, कारण केरूची पोर दोर सोडत नाही अशी तुझी ख्याती. तुझा बाप होडीखाली ओंडका सरकवत होता. मागून मोठी लाट आली, होडी हलली, तुझ्या हातातून दोर सुटला, आणि ओंडका केरूच्या डाव्या हातावरून गेला. दोन बोटं गेली. किनाऱ्यावर जो तो म्हणाला, पोरीचा हात सुटला. दवाखान्यात तुझी आईही तुला बोलली, "येवढा दोर धरवला नाय तुला?" हे मला तिनेच परवा सांगितलं, त्या पदराआडून. माणूस घाबरलं की जीभ सैल सुटते, आणि मग ती परत घेता येत नाही. तू दुसऱ्या दिवशी एसटीत बसून पुण्याला गेलीस, आणि तेव्हापासून तुझे छर्रे खाली-उजवीकडे जातायत. एवढं साधं गणित, आणि तू मला कोरड्या हवेचं सांगतेस!

हे इथवर लिहून झालं आणि मी पत्र बाजूला ठेवलं होतं. म्हटलं, शिव्या घालून झाल्या, आता काहीतरी बरं लिहावं आणि पोस्टात टाकावं. पण काय बरं लिहायचं ते सुचेना. तेवढ्यात काल दुपारी दारात केरू. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, डावा हात खिशात. सात जन्मांत तुझा बाप आमच्या पायरीच्या वर आला नव्हता, काल सरळ ओटीवर येऊन बसला. म्हणाला, "बाई, पोरीचा काय बिनसलाय काय? ती माज्यावर रागावली हाय." मी म्हटलं, तुमच्यावर कशाला रागवेल? तर म्हणाला, "मी आरडलो ना तिच्यावर." मला काही उमगेना. मग त्याने उजव्या हाताने हवेत दोर धरून दाखवला. लाट आली तेव्हा त्याने मान वर करून बघितलं. दोराचा वेढा खुंटावर आवळत होता आणि तुझा उजवा हात दोराबरोबर त्या वेढ्यात ओढला जात होता. तू काही सोडत नव्हतीस. तेव्हा तो जिवाच्या आकांताने ओरडला, "सोड, बाय, सोड!" ऐकतेयस ना? त्यानेच सांगितलं सोड म्हणून. ओंडका आपल्यावर येणार हे त्याला ठाऊक होतं. मी विचारलं, मग ओरडण्याआधी स्वतःचा हात काढून का नाही घेतलात? तर माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मीच अडाणी. "तिचा तो बोट पिस्तुलाचा ना, बाई. माजी दोन गेली तर काय, जाळी विणायला आठ हायत." आणि वर म्हणतो, पोर गुणाची, इतक्या कालव्यात बापाचा शब्द ऐकला आणि पटकन सोडला! त्याला वाटतंय तू ऐकलंस. गावाला वाटतंय तुझा हात सुटला. आणि लाटांच्या नि माणसांच्या आरड्यात तू काहीच ऐकलं नाहीस, तूही गावासारखंच धरून बसलीस. तुम्हा बापलेकींनी एक फोन केला असता तर माझी एवढी शाई वाचली असती! मी त्याच्यासमोर रडले, हे कोणाला सांगू नकोस. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, डोळ्यात काय गेलं? म्हटलं, तुमच्या छपराची धूळ. हे पत्र खरं तर केरूचं आहे. त्याला लिहिता येत नाही असं नाही, पण म्हणतो, "बाई, तुमचा ती ऐकता." कसलं डोंबलाचं ऐकते! तरी त्याचा निरोप लिहिते: नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घालायची आहे, मागचा दोर धरायला दुसरं कोणी चालणार नाही, तूच हवीस. ये. दोर पाचही बोटांनी धर, हवा तेवढा आवळ, आणि बापाने सोड म्हटलं की सोड. मग शेडमध्ये ये. चिंचोका घेऊन ये. पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर ठेव, आणि नीट ठेव गं बाई, ते बोट आता तुझ्या एकटीचं नाही.

तुझीच,
वैतागलेली
कुसुमबाई