खेळाचा रकाना

ता. ४ मार्च

ति. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा सकाळी एक गोष्ट झाली. कोणाला सांगावी कळेना, म्हणून तुला लिहितो. आंघोळ करून रोजच्यासारखा देवापुढे उभा राहिलो, दिवा लावला, हात जोडले, डोळे मिटले. तोंडाने प्रार्थना चालू आहे अशी माझी समजूत. मागून हिने विचारलं, की देवाला एवढे आकडे कशाला सांगताय? तेव्हा माझं मलाच ऐकू आलं. लहानपणापासून पाठ असलेल्या ओळी बाजूला राहिल्या होत्या आणि मी कारखान्याचा आदल्या दिवशीचा गोषवारा म्हणत होतो. घासलेली भिंगं इतकी, पॉलिश झालेली इतकी, ओरखडा निघून बाद झालेली इतकी. तेही हात जोडून, लयीत. ही हसली. मलाही हसू यायला हवं होतं. आलं नाही. दिव्याकडे बघत तसाच उभा राहिलो आणि पुढची ओळ काही केल्या आठवेना.

बाकी बातमी अशी. विभागप्रमुख झाल्यापासून माझ्या टेबलासमोर भिंतीवर तो मोठा फळा आहेच. टारगेट गाठलं की हिरवी खूण, चुकलं की लाल. आता थोरल्या साहेबांनी कुठल्याशा व्याख्यानात ऐकलं, की जी माणसं खेळतात ती काम जास्त करतात. लगेच जेवणाच्या खोलीत टेबल टेनिसचं नवं कोरं टेबल आलं. लोकांना खेळायला लावायची जबाबदारी माझ्यावर. टेबल बघून मला काय वाटलं असेल हे तुला वेगळं सांगायला नको. पण दोन आठवडे त्याच्यावर डबेच ठेवलेले. कोणी फिरकेना. मग मला युक्ती सुचली. फळ्यावर शेवटी एक रकाना आखला : खेळ. प्रत्येकाने रोज पाव तास खेळायचं आणि खूण करायची. साहेब बेहद्द खूश आहेत. नवा कारखाना उभा राहतोय, त्याचा प्रमुख मलाच करायचं त्यांच्या मनात आहे. महिनाअखेर मी हो-नाही सांगायचं.

आपली मुंगी तीस तारखेला जाईल, जमीनमोजणी शिकायला. तोवर रोज संध्याकाळी लेकीशी खेळायचं कबूल केलंय. आजवर एकदाही जमलं नाही, पण जमवणार.

तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा


ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. फोनवर तू हो-हो म्हणतोस आणि मागे कागद चाळल्याचा आवाज येतो, त्यापेक्षा हे बरं. निदान लिहिताना तरी दुसरं काही करत नसशील. की तेही मीटिंगमध्ये बसून लिहिलंस?

देवाला आकडे सांगितलेस त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. त्याने आजवर लोकांची याहून कंटाळवाणी गाऱ्हाणी ऐकली आहेत. पण त्या रकान्याचं वाचून मी शिवणाचं मशीन थांबवलं. अरे, आपले अण्णा शाळेचे शिपाई, किल्ल्या त्यांच्याकडे. सुट्टीच्या दिवशी वर्ग उघडून मास्तरांची दोन टेबलं जोडायची, मधे डस्टर उभे करून जाळी करायची आणि पुठ्ठ्याच्या बॅटींनी अंधार होईस्तोवर खेळायचं. किती झाले म्हणून कोणी विचारलं तर आपल्यात भांडणच व्हायचं, कारण दोघांनाही ठाऊक नसायचं. तिथे कोणी खूण करायला बसलं असतं तर तूच पहिला खिडकीतून पळाला असतास. तो रकाना पुसून टाक बघू.

आणि काय रे, मागच्या वेळच्या कोड्याचं उत्तर नाही, नवीन कोडं नाही? आपला चाळीस वर्षांचा नेम मोडलास. शिक्षा म्हणून हे घे : मार खाऊन परत येतं, चेपलं तर पोळल्यावर उठून बसतं. ओळख पाहू. शहाण्या मुंगीला विचारायचं नाही.

माझे गुडघे वयाला शोभतील असेच आहेत. आठवण काढतोस तशीच काढत राहा.

तुझी ताई


ता. १४ मार्च

ति. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रकाना पुसला नाही. आता तो पुसणं माझ्या हातात राहिलेलं नाही. तो हिरवागार झाला, थोरल्या साहेबांनी सगळ्या विभागप्रमुखांसमोर मला उभं केलं आणि कसं साधलं ते सांगायला लावलं. आता प्रत्येक विभागात खेळाचा रकाना आहे. सगळ्यांच्या शिव्या माझ्या वाट्याला.

कसं साधलं ते तुला सांगतो. पॉलिशवाल्या दोघी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहतात आणि घड्याळाकडे बघत चेंडू एकमेकींकडे ढकलतात. चेहरे असे, की दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय. एक जण डाव्या हाताने जेवतो आणि उजव्या हातात बॅट धरतो. नियमात जेवू नये असं कुठे लिहिलंय म्हणतो. आणि आमचा घाशा, माझ्याबरोबरच नोकरीला लागलेला, भिंग घासण्यात ज्याचा हात कोणी धरणार नाही, तो काल माझ्या टेबलापाशी आला. मला अरे-तुरे करणारा माणूस, साहेब म्हणाला. आज गुडघा दुखतोय, खेळातून सूट मिळाली तर बदल्यात तासभर जास्त काम करतो, असं म्हणाला. मला वाटलं थट्टा करतोय. मी हसलो. तो हसला नाही. परवानगीची वाट बघत उभा राहिला. कामातून सुटून खेळायला धावणारी माणसं मी पाहिली होती. खेळातून सोडवा म्हणणारी मी तयार केली.

घरी तर याहून वाईट. मुंगीशी खेळणं जमेना, म्हणून मी ते पक्कं ठरवूनच टाकलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर वेळ लिहिली. तिचा उलट्या हाताचा फटका कच्चा आहे, तेव्हा जाईपर्यंत तो सुधारायचा असंही ठरवलं. जेवणाच्या टेबलावर पुस्तकांची जाळी लावून थोडे दिवस नेमाने खेळलो. मी तिला मनगट कसं वळवायचं ते सांगत होतो आणि चुका मोजत होतो. मोजतोय हे मला कळतही नव्हतं. परवा तिने बॅट कपाटात ठेवून दिली. भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, की बाबा, मला खेळायचं होतं, सुधारायचं नव्हतं. आणि खोलीत जाऊन सामान बांधायला लागली. जायला अजून अवकाश आहे, पण सामान बांधतेय. माझ्यासमोर बसायला नको म्हणून बांधतेय, हे मला कळतं.

ताई, मी न्हाणीघरात नळ सोडून बसलो होतो. ही मुलगी गेली की गेली. परत येईल ती पाहुणीसारखी. ज्या काही थोड्या संध्याकाळी हातात उरल्या होत्या त्यांचंसुद्धा मी टारगेट करून टाकलं. मला दुसरं काही येतच नाही, असं वाटायला लागलंय. नव्या कारखान्याला हो म्हटलं तर उरलंसुरलंही जाईल, आणि नाही म्हटलं तर मी कोण, ते मला माहीत नाही. देवापुढे उभा राहतो आणि गप्प बसतो. तोंड उघडलं तर आकडे येतील अशी भीती वाटते.

तुझ्या कोड्याचं उत्तर : कामगार. चुकलं असल्यास : मन.

मला मनातून उतरवू नकोस.

धाकटा


ता. १८ मार्च

ति. सौ. ताईंस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी यांना न सांगता लिहितेय. तुम्ही रागावणार नाही याची खात्री आहे.

मागच्या आठवड्यात यांच्या छातीत धडधड होते म्हणून बळेच डॉक्टरांकडे नेलं. सगळं तपासून त्यांनी सांगितलं की हृदय उत्तम आहे. बाहेर येऊन हे पायरीवर बसले आणि तोंड एवढंसं करून म्हणाले, की म्हणजे सुट्टी घ्यायलासुद्धा काही कारण नाही. मला हसावं की रडावं कळेना.

काल रविवार. सकाळी हे फिरायला म्हणून गेले ते दुपार झाली तरी आले नाहीत. शेवटी कारखान्याच्या पहारेकऱ्याचा फोन आला. भला माणूस आहे, दबक्या आवाजात बोलत होता. साहेब जेवणाच्या खोलीत एकटेच त्या टेबलासमोर उभे आहेत, एका हातात बॅट, एका हातात चेंडू, बराच वेळ झाला, नुसते उभेच आहेत, असं म्हणाला. मी गेले. हे खरंच तसेच उभे होते. मला बघून म्हणाले, की चेंडू वर कसा टाकायचा तेच आठवत नाही गं. लहान मूल हरवल्यावर बघतं ना, तसं बघत होते. मी हात धरून घरी आणलं.

मुंगीला यातलं काही सांगितलेलं नाही. तीही बापासारखीच, आतल्या आत कुढते आणि कपाट आवरते. दोघं एकमेकांच्या वाटेतून बाजूला होत घरात वावरतात. ती अशीच निघून गेली तर हे त्यातून उठायचे नाहीत. तुमचं हे ऐकतात. काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा, पण लवकर लिहा.

तुमचा आधार आहे, तो असू द्या.

तुमची भावजय


ता. २३ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

कामगारही नाही आणि मनही नाही. शाळेत असताना बरा होतास.

उपदेश करणार नाही. तू तो ऐकशील, मनाशी मुद्दे पाडशील आणि महिनाअखेर किती पाळले ते मला कळवशील. मला तुझ्या फळ्यावर जायचं नाही.

एक तेवढं सांगते. तू कोण ते तुला माहीत नाही म्हणतोस, मला आहे. हरत आलास की चेंडू खिशात घालून घरी पळणारा तो तू. मी तुझ्या मागे सबंध गल्ली धावायचे. तेव्हा तुला कसलंही ध्येय नव्हतं आणि गल्लीत सगळ्यात जोरात धावणारा तूच होतास.

शिवणाच्या डब्यात तळाशी एक वस्तू सापडली. ती पाकिटात घातली आहे. कोडं सुटेना तर ती बघ. सुटलं तरी बघ. आता मुंगीची मदत घ्यायला माझी परवानगी आहे. घ्यायलाच हवी.

रागावलेली नाही. काळजीत आहे. दोन्हीला एकच तोंड असतं माझं.

तुझी ताई


ता. ३१ मार्च

ति. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाईसाहेब, साध्या पाकिटात चेंडू घालून पाठवतं का कोणी? पोस्टाच्या शिक्क्याखाली त्याची पुरी चपटी वाटी झाली होती. की तू मुद्दामच पाठवलास तसा?

गुरुवारी कामावरून आलो तर पाकीट टेबलावर. फोडलं आणि ती वाटी हातात घेऊन खुर्चीवर बसलो. खरं सांगतो, वाटलं, ताईने मला मीच पाठवलाय. मुंगी पाणी प्यायला आली होती. माझ्या हातात काय आहे ते बघून थांबली. मी पत्र तिच्यापुढे केलं. तिने कोडं विचारलं, मी सांगितलं. तोवर मी मनात संधी, नशीब, देव अशी उत्तरं लावून बघत होतो. तिने क्षणभर माझ्याकडे असं पाहिलं, की या माणसाचं काय करावं, आणि चहाचं आधण ठेवलं होतं त्यात चेंडू सोडून दिला.

अण्णा असंच करायचे ना गं? शाळेच्या चुलीवर, मास्तरांच्या चहाच्या पातेल्यात. मुंगी आणि मी शेगडीपाशी डोकं डोक्याला लावून उभे होतो. चेंडू गरम पाण्यात गरगरला, टप्प असा आवाज झाला आणि तो उठून बसला. मुंगी ओरडलीच. हिने येऊन चहाचं काय केलंत म्हणून दोघांना झापलं.

पण तो पुरता गोल झाला नव्हता. एका बाजूला टेंगूळ राहिलं. टेबलावर आपटला की कुठे जाईल ते त्याचं त्यालाही ठाऊक नाही. मुंगीने तिची बांधलेली पुस्तकं सोडून जाळी लावली. मी फटका मारला तर तो बेसिनमध्ये गेला. तिने मारला तो देवाच्या कोनाड्यात, दिव्याशेजारी जाऊन बसला. तिचा उलटा हात कच्चा आहे की पक्का ते कोणाला कळणार? माझी तीस वर्षांची अक्कल त्या टेंगळापुढे चालेना. ती हसत खाली बसली आणि मी चेंडू शोधायला फ्रिजखाली पालथा पडलो होतो, तिथे मला रडू फुटलं. हसताहसताच. तिने पाय धरून मला बाहेर ओढलं.

अशी एकच संध्याकाळ मिळाली, ताई. शुक्रवारी तिच्या मैत्रिणी आल्या. सबंध महिना होता आणि मी त्यातली एक संध्याकाळ वाचवली. बाकीच्या गेल्या, त्या परत यायच्या नाहीत. याचं दुःख कोणी काढून घेऊ शकत नाही आणि मला ते कोणाला द्यायचंही नाही.

काल सकाळी तिची बस आणि थोरल्या साहेबांची मीटिंग एकाच वेळी. मी येणार नाही असं तिने धरूनच ठेवलं होतं, तसं तिच्या आईला म्हणजे हिला सांगूनही टाकलं होतं. मी देवापुढे उभा राहिलो. तोंड उघडलं. आकडे आले नाहीत, ओळीही आल्या नाहीत. नमस्कार केला आणि तिची मोठी बॅग उचलली. बस सुटताना तिने खिडकीतून मूठ बाहेर काढून उघडून दाखवली. तो वेडावाकडा चेंडू ती घेऊन गेलीय. न विचारता. अगदी माझी मुलगी.

तिथून कारखान्यात गेलो. मीटिंग संपत आली होती. आत जाण्याआधी फडकं ओलं केलं आणि फळ्यावरचा तो रकाना पुसला. पुसताना शेजारचे दोन आकडेही गेले. घाशा दारातून बघत होता. म्हणाला, की आता काय रे, आजपासून झोपेचा रकाना का? मला अरे म्हणाला, ताई.

साहेबांनी उशिराचं कारण विचारलं. मुलीला बसमध्ये बसवून आलो, असं सांगितलं. मग सांगितलं, की नवा कारखाना मला नको आणि हे प्रमुखपणही नको. पूर्वी मी तपासणीच्या टेबलावर होतो, दिव्यासमोर भिंग धरून ओरखडा शोधायचो, ते काम मला येतं, तिथे पाठवा. ते बराच वेळ बोलले. माझ्या हिताचंच बोलले, शेवटी मान्य केलं. मी पश्चात्ताप करीन असंही म्हणाले. करीनही कदाचित. रात्री झोप लागली नाही, घरात तिची खोली उघडी पडलीय आणि पुढे काय ते मला दिसत नाही. भीती गेलेली नाही.

नवीन कोडं अजून सुचलेलं नाही, थोडं थांब. आणि ऊन फार आहे, तेव्हा दुपारी मशीनवर बसू नकोस.

उद्या सकाळी तपासणीच्या टेबलावर बसायचंय. फळ्याच्या खोलीची किल्ली मी काल साहेबांच्या हातात देऊन आलो.

तुझा धाकटा