फिरणं आणि तर्री

३ नोव्हें.
सकाळी फिरलो. झपाझप, घाम निघेस्तोवर, डॉ.नं सांगितलं तसं. मग सोबत फिरणारा वानखेडे म्हणाला, "चाल ना बे, एक प्लेट." गेलो. तर्री-पोहे, वरून जास्तीचा रस्सा, खारी शेव. पोह्यांच्या गाडीपाशी सगळे बी.पी.वालेच उभे!
घरी बायकोनं, सुनंदानं, बी.पी.ची मशीन लावली. आकडा जिथल्या तिथं. म्हणते, "माझ्याच हातून मीठ जास्त पडते का जी?" मी पेपरात डोकं घातलं.

७ नोव्हें.
तिच्या मते नुसतं चालणं मला पुरत नाही. पुतण्याची सायकल मागून आणली. फरक एवढाच, की गाडीपाशी लवकर पोचलो. लाज वाटते. खाताना नाही, नंतर.

१२ नोव्हें.
आता भिंतीला पाठ टेकून, खाली खुर्ची असल्यासारखं बसून राहायचं. तिनं मोबाईलवर पाहिलं, डॉ.ला फोन करून विचारलंही. "चालेल, पण श्वास रोखू नका." मला एकट्याला कंटाळा येतो म्हणून तीही शेजारी बसते. गुडघे दुखतात तिचे. दात आवळून म्हणते, "मोजा जी." मी मोजतो. नालायक माणूस.

१८ नोव्हें.
डॉ.नं गोळी वाढवली. "खाण्यात काही?"
मी तोंड उघडायच्या आत सुनंदा, "अळणीच खातात बिचारे. मीबी तेच खातो त्यांच्यासंग."
बिचारे! ऑटोत सांगणार होतो. नाही सांगितलं. घरी येऊन तिनं लोणच्याची बरणी शेजारच्या वहिनींना देऊन टाकली. तिच्या आवडीचं होतं.

२३ नोव्हें.
आज तीही फिरायला आली. दोन फेऱ्यांतच दम लागला तिला. म्हटलं आता बस झालं. "चाल, एक जागा दाखवतो."
गाडीवाला म्हणाला, "काकाजी, नेहमीची?"
तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो. रोजची."
मग ती गाडीवाल्याला, "मलेबी एक द्या. तर्री जास्त." सगळी खाल्ली. डोळे पुसले. माझी प्लेट हातात तशीच.
घरी येऊन, माफी मागायची सोडून मी मशीन काढली. म्हणाली, "आज माझं घ्या." तिचं आजवर कधी घेतलंच नव्हतं. मनातही आलं नव्हतं माझ्या.
आकडा माझ्यापेक्षा वर. प्लेटीमुळे असेल, चालण्यामुळे असेल, म्हणून तिला तासभर बसवून परत घेतला. तेवढाच आला.