शूर होण्याचा सराव

३ मार्च, मंगळवार

पेपरात फोटो आला. चौथ्या पानावर, पण चांगला मोठा. मी मुलीला हातांवर घेऊन पळतोय. खाली ठळक अक्षरांत — 'जीवरक्षकाच्या प्रसंगावधानाने चिमुरडी बचावली.'

प्रसंगावधान!

बावीस वर्षं तलावाकाठच्या त्या उंच खुर्चीवर बसतोय. इतक्या वर्षांत कुणी मान वर करून पाहिलं नाही. आज दूधवाल्यानंसुद्धा सलाम ठोकला.

खरं काय ते इथेच लिहितो. दुसरीकडे कुठे लिहिणार?

काल दुपारी मुलींची तुकडी पोहून गेली. शिकवणाऱ्या बाई त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेल्या. नऊ वर्षांची एक मुलगी विसरलेला चष्मा घ्यायला परत आली. चष्मा पाण्यात पडला होता. ती वाकली आणि गेली. पाच फूट पाणी, मुलगी चार फुटांची. आवाज असा झालाच नाही. बुडणारा माणूस ओरडत नाही, हे दरवर्षी नव्या पोरांना मीच शिकवतो.

मी पाहिलं. नीट पाहिलं. आणि उठलो नाही. शिट्टी ओठांत होती, ती वाजली नाही. खुर्चीला पाच पायऱ्या. पाय ऐकेनात! जणू दुसऱ्याचे पाय माझ्या कमरेला बांधलेत.

पलीकडे मावशी फरशी पुसत होत्या. सफाईच्या मावशी. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील, पण सगळे मावशीच म्हणतात. त्यांनी पोछा टाकला आणि कपड्यांसकट उडी मारली. खाली गेल्या, वर आल्या, परत खाली गेल्या. मुलगी काठाकडे ढकलली गेली. तेव्हा कुठे माझे पाय सुटले. धावलो, तिला ओढून काढलं, छाती दाबली, पाणी काढलं. ते सगळं बरोबर केलं. हात शहाणे निघाले.

मुलगी रडली आणि माणसं जमली. मी वळून पाहिलं. मावशी शिडीनं वर येत होत्या, नखशिखान्त निथळत. नजरानजर झाली. त्या गेल्या. मी मुलीला उचलून गाडीकडे पळालो, तोच फोटो कुणीतरी काढला. तलावाच्या सेक्रेटरींनी मला मिठी मारली — "वाघ आहेस, वाघ!"

मी गप्प. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं तेव्हा वाटलं.

४ मार्च, बुधवार

लेकीचा फोन. बुधवारी! आमची ही गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून लेक फक्त रविवारी करते — जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवू का. सात मिनिटं. आज चाळीस मिनिटं बोलत होती. "बाबा, तुम्ही असे आहात हे मला माहीतच नव्हतं! ऑफिसात सगळ्यांना फोटो दाखवला." मागून जावईबापूही ओरडले, "सासरे जिंदाबाद!"

सांगणार होतो. ओठांवर आलं होतं. पण चाळीस मिनिटं, हो!

६ मार्च, शुक्रवार

सकाळी तलाव उघडायच्या आधी विचार केला. लोक शूर म्हणतातच आहेत, तर शूर व्हावं. उशिरा का होईना. दंड घासून कमावता येतात, तर मन का नाही कमावता येणार? ठरवलं — आधी धाडस, मग खरेपणा, मग धीर. एकेक गुण घ्यायचा आणि रोज थोडा घोटायचा. पाढ्यांसारखा.

अठ्ठावन्नाव्या वर्षी पाढे!

८ मार्च, रविवार

उंच फळीवरून उडी मारली. बारा वर्षांनी. मग आणखी दोनदा.

म्हणजे भीती पाण्याची नव्हती. उंचीचीही नव्हती. मग कशाची?

११ मार्च, बुधवार

फरशी पुसायला नवीनच बाई. विचारलं, मावशी कुठे?

सफाईचा ठेकेदार म्हणाला, "काढली तिला. त्या गडबडीच्या दिवशी काम अर्धवट टाकून घरी निघून गेली. न सांगता! वाट सगळी ओली. सेक्रेटरीसाहेब घसरले, मनगट मुरगळलं. विचारलं तर म्हणे पाण्यात उतरले होते. म्हटलं, पोहायचा पगार देतो का तुला?"

हसला. माझ्या पाठीवर थाप मारली.

मी म्हणालो, "हं."

एवढंच. "हं." तीन उड्या मारलेला माणूस मी.

१४ मार्च, शनिवार

खरेपणाचा सराव. शेजारचे निवृत्त मास्तर रोज सकाळी बासरी वाजवतात. जिन्यात भेटले. "कशी वाटते?" दर वेळी 'छान' म्हणतो. आज म्हणालो, "मास्तर, सात महिने झाले, अजून सूर लागत नाही."

त्यांनी कठडा धरला. "बरं झालं सांगितलंत," म्हणाले आणि सावकाश वर गेले.

१५ मार्च, रविवार

मास्तरांची खिडकी बंद. बासरी नाही. घरात इतकं शांत की नळाचा थेंब मोजता येतो.

खरं बोललो. माझा एक माणूस कमी झाला. आणि ज्याला सांगायचं त्याला सांगितलंच नाही! खरं कुठे बोलायचं तेही मी सोयीनं निवडतो. जिथे माझं काही जात नाही तिथे.

लेकीचा फोन आला. पंचवीस मिनिटं. जावईबापूंनी फोटोला चौकट करून घेतलीय.

१९ मार्च, गुरुवार

सत्कार ठरला. २८ तारखेला, तलावावरच. चषक देणार. सेक्रेटरी मुरगळलेला हात गळ्यात बांधून उत्साहानं सगळ्यांना पत्रं पाठवताहेत. "दोन शब्द बोलायचे हं," म्हणाले.

कोणते दोन?

२१ मार्च, शनिवार

ती मुलगी आईबरोबर आली होती. आईनं माझे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागली. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. मुलगी दाराला टेकून उभी. माझ्याकडे बघेना.

आई म्हणाली, "बघा ना, काहीतरीच म्हणते. खालून कुणीतरी ढकललं म्हणे हिला. बाईचे हात होते, बांगड्या टोचल्या म्हणे! डॉक्टर म्हणाले, श्वास कोंडला की भास होतात. आता विचारूच नका म्हणाले. पण ही ऐकत नाही. शाळेत सांगितलं तर पोरी हसल्या."

मुलगी हळूच म्हणाली, "नाही हसत आता. मी नाही सांगत."

"शहाणी गं माझी," आई म्हणाली. "काकांना थँक्यू म्हण."

ती म्हणाली. फरशीकडे बघत.

त्या गेल्यावर मी बसलो तो बसलोच. आजवर वाटत होतं, माझं खोटं माझ्यापाशी आहे. कपाटात ठेवल्यासारखं. मावशींची नोकरी गेली तेव्हाही मनाला समजावलं — दुसरी मिळेल. पण नऊ वर्षांची पोर स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं सोडतेय. ते मी शिकवतोय तिला. पोहण्याआधी!

२२ मार्च, रविवार

लेकीचा फोन वाजला. उचलला नाही. काय बोलू?

२४ मार्च, मंगळवार

सेक्रेटरींना सगळं सांगितलं. दार लावून घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं. ते चांगल्या हातानं टेबलावरचा कागद सरळ करत राहिले.

"कुणाला बोललास?"

"नाही."

"मग नकोच बोलू. पत्रं गेलीत. मुलगी वाचली ना? मग! जीवरक्षक खुर्चीवर नुसता बसून राहिला हे बाहेर कळलं तर उद्या तलावाला कुलूप लागेल. पंचवीस माणसांची पोटं आहेत इथे. तू एकटा हलका होशील, बाकीचे बुडतील."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असंही नाही. "मावशींना परत घ्या," म्हटलं. "बघू सत्कार झाल्यावर," म्हणाले.

सौदा. मावशींची नोकरी माझ्या बंद तोंडाच्या बदल्यात.

२७ मार्च, शुक्रवार

उद्या.

हिची फार आठवण येते. ही असती तर म्हणाली असती — "एवढी पानं कसली भरताय? उठा आणि बोलून या." सगळे सराव तिथेच संपले असते.

२८ मार्च, शनिवार

बोललो.

साठ-सत्तर खुर्च्या. पुढच्या रांगेत मुलगी आणि तिचे आईवडील. सेक्रेटरींनी चषक दिला. टाळ्या. माईक हातात दिला आणि कानात म्हणाले, "सांभाळून."

पाय पुन्हा तसेच झाले! अगदी तसेच — दुसऱ्याचे. तेव्हा उमगलं की हे कधीच जाणार नाही. कितीही उड्या मारा. पण बोलायला पाय लागत नाहीत.

लोकांकडे बघवेना, म्हणून मुलीकडेच पाहिलं. म्हणालो, "बाळ, तुला भास झाला नाही. खालून तुला सफाईच्या मावशींनी ढकललं. बांगड्या त्यांच्याच. मी वर बसून बघत होतो. मी घाबरलो होतो."

मग ती आईकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाली, "बघ! बघ, मी सांगत होते ना!"

तिच्या चेहऱ्यावरचं ते! — नाही लिहिता येत.

मावशींना कामावरून काढलं तेही सांगितलं. चषक टेबलावर ठेवून खाली उतरलो. मुलीचे वडील उठून आडवे आले. मारतील असं वाटलं. मारलं नाही. नुसते बघत राहिले, मग बाजूला झाले. मारलं असतं तर बरं झालं असतं.

२९ मार्च, रविवार

लेकीला मीच फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग मी आता सगळ्यांना काय सांगू?"

"खरं सांग."

"तुम्हाला सोपं आहे, बाबा," म्हणाली. ठेवला. चार मिनिटं.

३१ मार्च, मंगळवार

खुर्चीवरून उतरवलं. बरोबरच आहे. चौकशी होईपर्यंत तिकीट खिडकी. तलाव चालू आहे, कुलूप वगैरे काही लागलं नाही. माणसं खिडकीतून आत वाकून बघतात — हाच का तो? आणि तिकीट घेऊन पुढे जातात.

जुने सोबती चहाला हाक मारत नाहीत. डबा खिडकीतच उघडतो.

२ एप्रिल, गुरुवार

मावशींचं घर शोधून काढलं. तीन जिने. दार त्यांनीच उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत.

हात जोडले. माफी मागितली. सेक्रेटरींचं पत्र दिलं — कामावर परत या, मधल्या दिवसांचा पगार मिळेल. त्या मुलीच्या वडिलांनी कचेरीत बसून लिहून घेतलंय ते.

मावशींनी पत्र वाचलं, घडी घातली.

"महिना लागला तुम्हाला," म्हणाल्या.

"हो."

"रोज येताना-जाताना नमस्कार करायचात. सात वर्षं. म्हणून वाटलं, दुसऱ्या दिवशी तरी बोलाल."

"तुम्ही का नाही बोललात?"

"बोलले की! ठेकेदार हसला. पेपरात फोटो तुमचा, आणि माझ्याकडे काय? ओले कपडे!" मग म्हणाल्या, "तुम्हाला झालं काय होतं हो?"

"माहीत नाही. पाय हलले नाहीत."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग दार थोडं अधिक उघडलं. "बसा. जिने चढून आलात."

माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. चहा दिला. कितीतरी दिवसांनी दुसऱ्याच्या हातचा चहा.

५ एप्रिल, रविवार

लेकीचा फोन नाही. गोळ्या घेतल्या. जेवलो. दोन्ही प्रश्नांची उत्तरं माझी मीच मोठ्यानं देऊन टाकली.

मास्तरांचं दार वाजवलं. म्हटलं, सूर नसला तरी चालेल, वाजवा. ते म्हणाले, "आता मलाच ऐकू येतं हो, लागत नाही ते." हसले मात्र. थोडा वेळ दारातच उभे राहिलो दोघं.

८ एप्रिल, बुधवार

मावशी कामावर आल्या. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन खिडकीपाशी बसल्या. बोलता बोलता मी विचारलं, पोहायला कुठे शिकलात?

त्यांचा घास हातातच राहिला. "मी? मला कुठे येतं पोहायला! तुम्ही वर बसला होतात ना — म्हटलं, बुडाले तर तुम्ही काढालच. म्हणून तर मारली उडी."