ओडुमच्या दोन फळ्या

३ मार्च
मामा सुतारखाना सोडणार! हात थरथरतात म्हणे. ओडुमच्या, म्हणजे आमच्याकडच्या टणक लाकडाच्या, एकाच ओंडक्यातल्या दोन खडबडीत फळ्या काढल्या. एक मला, एक मावसभाऊ ओपाँगला. "ज्याची सपाट, त्याचं नाव वारस म्हणून वडीलधाऱ्यांपुढे घेईन."
ओपाँग खिदळला — "अगं पदवीधर, पुस्तकानं रंधा मारणार का?"

४ मार्च
मूर्खानं फळी थेट रंधा मशीनमध्ये घातली! फळीला पीळ आहे. मशीनचे रूळ तिला दाबून सरळ करतात, पातं फिरतं, बाहेर आली की ती पुन्हा वाकडी. चकचकीत वाकडी! आणि हा तिचे फोटो काढतोय.

५ मार्च
माझ्या फळीच्या दोन टोकांना सरळ पट्ट्या ठेवून एका डोळ्यानं रेषेत पाहिलं. दोन कोपरे उंच. तेवढेच हातरंध्यानं तिरके तासले, मग सगळा पृष्ठभाग. खांदे भरून आले.
ओपाँग दारात, तळलेली केळी चघळत — "मॅडम, विजेचा शोध लागलाय!"
सपाट बाजू खाली ठेवून वरची बाजू मशीनमधून काढली. आधी हात, मग यंत्र. एवढंच! पण एवढंही ज्याच्या टाळक्यात शिरत नाही...

६ मार्च
मामांनी दोन्ही फळ्या लोखंडी पाटावर ठेवून कोपरे दाबले. ओपाँगची — टक, टक.
"तुझी का बोलत नाही गं?"
"मुकी आहे, मामा."
हसले!

८ मार्च
वडीलधारे जमले. मामांनी माझं नाव घेतलं. घराण्याचे प्रमुख म्हणाले, "मामाचं भाच्याला जातं. भाचीला कुठं?"
मी विचारलं, "आजोबा, आपलं रक्त आईकडून चालतं. मग सुतारखाना का अडतो?"
"शिकली की जीभ लांब होते," एक आजी म्हणाली. बाईच!
ओपाँगला किल्ली. आणि मामा? फळी दाबून बघायला बोटं होती, तोंड उघडायला जीभ नव्हती. थू!

९ मार्च
सुतारखान्यासमोर, रस्त्यापलीकडे, कडुनिंबाखाली बाकडं टाकलं. माझा हातरंधा, माझी फळी. मशीन नाही, छप्पर नाही.
ओपाँग ओरडला, "गिऱ्हाईक झाडावरून पडणार का?"
दिवसभर कुणी आलं नाही.

१० मार्च
सकाळी मामा रस्ता ओलांडून आले. डोक्यावर स्वतःचं कोरीव आसन — ज्यावर त्यांच्याशिवाय घरातलं कुणीही कधी बसत नाही, आणि ते आसन जिथे, तिथे मामांचं घर. ओपाँग दारात आ वासून उभा. मामांनी ते माझ्या बाकड्याशेजारी टेकवलं, बसले.
"उद्या मशीन आणायला माणसं पाठव," म्हणाले. "किल्ली त्याची. मशीन अजून माझं आहे."